झाकणावरचं कुंकू

माझ्या झाकणावर कुंकवाचा एक ठसा आहे. अंगठ्याएवढा, जरा तिरपा. मला बनवणाऱ्या कंपनीनं याच झाकणावर आपलं चकचकीत नाव छापलं होतं. ते नाव घासून घासून कधीच गेलं, ठसा मात्र अजून आहे. मित्रांनो, मला जुना म्हणा, खटारा म्हणा, मी राग मानणार नाही. मी एक लॅपटॉप आहे. जालना जिल्ह्यातल्या धावडा गावी, धुळाजींच्या घरात, मेंढ्यांची लोकर कातरायची कातर ज्या भिंतीला टांगलेली असते, त्याच भिंतीच्या फळीवर माझा मुक्काम असतो. हा ठसा माझ्यावर कसा उमटला, ते तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे घातलेले पुष्कळ हात आठवतात, पण त्यातला एकही चेहरा आठवत नाही. मग खोक्यात बसून बराच प्रवास झाला आणि डोळे उघडले ते पुण्यातल्या काचेच्या इमारतीत. तिथे गारवा होता, गुळगुळीत टेबल होतं आणि माझ्यासमोर एक साहेब बसायचे. साहेबांना दांडगा अनुभव आहे, असं सगळे म्हणायचे. ते कसले अनुभवी होते मला ठाऊक नाही, पण वरून कुणी रागावलं की तो राग माझ्या बटणांवर निघायचा. तरी मी खूश होतो. मोठमोठे हिशेब, मोठमोठ्या बैठका, सगळं माझ्यातून जायचं. आपण नसलो तर ही इमारत चालायची नाही, असं मला मनापासून वाटायचं.

मग एक दिवस नवे लॅपटॉप आले. हलके, चपटे, जल्दी उघडणारे. मला कपाटात ठेवलं गेलं. कपाटात माझ्यासारखे आणखी कितीतरी होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याला परत बोलावतील. कुणालाच बोलावलं नाही. आम्हा यंत्रांचं हे मोठं दुःख आहे, मित्रांनो. जितका अनुभव वाढतो, तितकी आमची किंमत उतरते. माणसांचं नेमकं उलट असतं, हे मला पुढे धावड्यात कळलं, आणि ते उलट असणंही काही कमी दुःखाचं नसतं.

आम्हा सगळ्यांना एका टेम्पोत भरून जालन्याला पाठवलं. बसस्टँडमागच्या गल्लीत संघपालचं दुकान होतं. जुने संगणक आणायचे, खोलायचे, पुसायचे, दुरुस्त करून विकायचे, आणि बियाणे कंपन्यांच्या, लोखंडाच्या कारखान्यांच्या कचेऱ्यांतले संगणक सांभाळायचे, असा त्याचा व्यवसाय. माणूस बोलायला तुसडा वाटला तरी त्याच्या हाताला माया होती. त्यानं माझ्यातली पुण्याची धूळ काढली, मला काउंटरवर मांडलं, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत बसलो.

एका दुपारी डोक्याला पागोटं आणि खांद्यावर घोंगडी असलेले एक गृहस्थ दुकानात आले. मागे त्यांची मुलगी. हेच धुळाजी, आणि ही रेणुका. धुळाजींनी मला उचललं, उलटं केलं, कडा चाचपल्या, मेंढा पारखतात तसं मला पारखलं.

"किती दिस चालंल हे?" त्यांनी विचारलं.

"जपलं तर पुष्कळ, काका," संघपाल म्हणाला. "फक्त पाणी लागू देऊ नका."

"पाणी कोण लावतंय याला?" धुळाजी हसले. दुकानाचं नाव छापलेल्या पिशवीत घालून त्यांनी मला घरी आणलं.

घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मेंढ्यांचा वाडा. काचेच्या इमारतीची सवय असलेल्या मला आधी फार अपमान वाटला. पण रेणुकानं माझ्यावर जो हात ठेवला, तसा हात पुण्यात कुणी ठेवला नव्हता. भोकरदनच्या कॉलेजातून ती संगणकाचं शिक्षण घेऊन बाहेर पडली होती, आणि एवढी वर्षं शिकूनही तिच्याजवळ स्वतःचा संगणक कधी नव्हता. कॉलेजात एका यंत्रावर तिघी-तिघी बसायच्या आणि वीज गेली की तास संपायचा. आता मी तिचा होतो. ओट्याच्या एका कोपऱ्यात मोबाइलला रेंज यायची, तिथे ती मला घेऊन बसायची आणि शिकायची. जे कॉलेजात राहून गेलं होतं ते आणि जे कॉलेजात कुणाला माहीतच नव्हतं तेही. तिची आई आसराबाई सुरुवातीला माझ्याकडे संशयानं बघायची. मग एक दिवस तिनं आपल्या जुन्या लुगड्याची पिशवी शिवून मला दिली, आणि मला कळलं की आपण घरचे झालो.

शिकणं होत होतं, पण नोकरी मिळत नव्हती. रेणुका रोज जाहिराती शोधायची. प्रत्येक जाहिरातीत एक ओळ ठरलेली असायची, अनुभव आवश्यक. नवख्यांसाठी म्हणून काढलेल्या जाहिरातीतसुद्धा खाली बारीक अक्षरात अनुभव मागितलेला असायचा. फोन आला तर पहिला प्रश्न तोच. रेणुका "नाही" म्हणायची, पलीकडचा माणूस "कळवतो" म्हणायचा, आणि ते कळवणं कधी यायचं नाही. ऐकून ऐकून हा शब्द आसराबाईलाही पाठ झाला.

"अनुभव, अनुभव करून राह्यले सगळे," ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. "कुठं भेटतो गं तो?"

"काम केल्यावर भेटतो, माय."

"आन काम कधी भेटतं?"

"अनुभव असल्यावर."

आसराबाई हसायला लागली. तिला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. मग तिनं रेणुकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

दसऱ्याच्या आधी मात्र एक चांगली गोष्ट घडली. पुण्याच्या एका कंपनीनं कळवलं की आम्ही अनुभव विचारणार नाही, आमची परीक्षा घरूनच द्या, पास झालात तर आम्हीच शिकवू आणि कामाला घेऊ. परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होती. रेणुकानं ते पुन्हा पुन्हा वाचलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी दार अर्धवट का होईना, उघडं ठेवलं होतं. ती एवढी आनंदली की मागच्या वाड्यात जाऊन एका कोकराला उचलून घेऊन आली आणि त्यालाच सगळं सांगत बसली.

दसरा उजाडला. रेणुका शेजारच्या नंदाबाईबरोबर पिंपळगाव रेणुकाईला देवीच्या दर्शनाला गेली. त्या देवीच्या नावावरूनच तिचं नाव ठेवलेलं, आणि उद्याच्या परीक्षेसाठी तिला देवीच्या पायांवर डोकं टेकायचं होतं. इकडे धुळाजी मेंढ्या घेऊन रानात गेलेले, आणि घरी आसराबाईनं अवजारांची पूजा मांडली. तुम्हाला माहीत असेल, आपल्याकडे दसऱ्याला कामाची अवजारं धुऊन-पुसून पाटावर मांडतात. विळा, खुरपं, कुऱ्हाड, कातर. त्या पाटावर तिनं मलाही ठेवलं. का नाही ठेवायचं? धुळाजींची कातर, तिचा विळा, तसा मी तिच्या लेकीचा.

मला खरं सांगायला हवं, मित्रांनो, तेव्हा मला फार अभिमान वाटला. पुण्यातल्या त्या साहेबांनी मला कधी साधं पुसलं नव्हतं. इथे मी पाटावर बसलो होतो आणि मला झेंडूचं फूल वाहिलं जाणार होतं.

आसराबाईची एक रीत होती. पूजा करताना कुंकू मुठीला लावायचं नाही, पात्याला लावायचं. जिथे काम होतं तिथे देव असतो, असं तिच्या सासूनं तिला शिकवलेलं. तिनं माझं झाकण उघडलं. रेणुकाची बोटं रोज कुठे चालतात ते तिनं पाहिलेलं होतं. झेंडूचं फूल तांब्यात बुडवून तिनं माझ्या बटणांवर पाणी शिंपडलं, जसं कातरीवर शिंपडलं होतं तसंच. मग पाण्यात कालवलेली हळद बोटांनी लावली, तिच्यावर कुंकू लावलं आणि हात जोडून पुटपुटली, "माझ्या लेकराला यश दे बापा."

हळदीचं पाणी बटणांच्या फटींतून माझ्या आत उतरत होतं. मी बंद होतो, ओरडूही शकत नव्हतो. आणि खरं तर, त्या बाईकडे बघून ओरडवलंही नसतं.

दुपारी रेणुका परत आली. आसराबाई दारातच उभी होती. "ये, ये. तुझ्या अवजाराची बी पूजा केली मी. बराबर केली ना?"

रेणुकानं पाटाकडे पाहिलं. माझ्या कडेतून लाल पाणी पाटावर ओघळलेलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. समोर तिची आई नवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून, शाबासकीची वाट बघत उभी होती.

"बरं केलंस, माय," रेणुका म्हणाली.

आसराबाई आपट्याची पानं घेऊन गावात सोनं द्यायला निघाली. ती गल्लीच्या वळणापलीकडे गेल्याबरोबर रेणुकानं मला पालथं घातलं आणि बॅटरी काढली. मग धावत जाऊन नंदाबाईच्या शिलाई मशीनच्या डब्यातला बारीक पेचकस आणला. मला तिनं आधी कधी खोललं नव्हतं. मोबाइलवर कुणीतरी खोलताना दाखवतं, तेवढंच तिनं पाहिलेलं.

आमच्या पाठीचे स्क्रू दिसायला सारखे असतात, पण काही लांब असतात, काही आखूड. चुकीच्या जागी बसवला की आत काहीतरी फुटतं. रेणुकानं काय करावं? तिनं स्वयंपाकघरातली परात आणली, तिच्यात ज्वारीचं पीठ पसरलं, आणि रांगोळी काढावी तशी बोटानं पिठात माझी आकृती काढली. जो स्क्रू माझ्या पाठीवर जिथला, तो परातीत तिथेच खोचून ठेवायचा. पिठात एकही स्क्रू हलत नव्हता, घरंगळत नव्हता. मी मोठमोठ्या कारागिरांच्या हाताखालून गेलो होतो, पण ही युक्ती मी पहिल्यांदाच पाहिली.

धुळाजी एव्हाना घरी परतले होते. ते सगळं बघत होते. उठून ते दारात जाऊन बसले. गल्लीतून कुणी येताना दिसलं की ते मोठ्यानं खोकायचे आणि रेणुका मला घोंगडीखाली लपवायची. आसराबाईला हे कळू नये, हे बापानं आणि लेकीनं न बोलता ठरवलं होतं. कापसाच्या बोळ्यांनी रेणुकानं माझ्या आतलं कुंकू कणाकणानं टिपलं आणि ते लाल झालेले बोळे चुलीत टाकले. मग मला उन्हात, मग सावलीत ठेवलं, आणि सगळे स्क्रू परातीतून उचलून जिथल्या तिथे बसवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोळे मिटून माझं बटण दाबलं, आणि मी जागा झालो. पडदा उजळला. रेणुकाच्या तोंडून हुंदका फुटला. पण माझ्या बटणांची मधली अर्धी ओळ मुकी झाली होती. ती बटणं कितीही दाबली तरी अक्षर उमटत नव्हतं. गावात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या सोमेश्वरच्या दुकानात वेगळा कीबोर्ड होता, पण दसऱ्यासाठी सोमेश्वर कुलूप लावून सासुरवाडीला गेला होता. परीक्षेची वेळ झाली. मोबाइल ओट्याच्या रेंज येणाऱ्या कोपऱ्यात ठेवून रेणुका मला घेऊन आत बसली.

ज्या अक्षरांची बटणं मेली होती, ती रेणुका पडद्यावर दिसणाऱ्या कीबोर्डवर बोटानं बाण सरकवून एकेक टिपत होती. तिला उत्तरं येत होती. मला माहीत आहे, कारण ती मनाशी पुटपुटत होती ते मी ऐकत होतो. पण उत्तर येणं वेगळं आणि ते वेळेत लिहिणं वेगळं. अर्धे प्रश्न राहिले असताना पडदा आपोआप बंद झाला.

ती बाहेर आली तेव्हा आसराबाई ओट्यावरच बसलेली होती. "कसा गेला पेपर?"

"अवघड गेला, माय."

"जाऊ दे. कुंकू लावल्तं मी. फळ भेटल्याबिगर ऱ्हात न्हाई."

रेणुकानं मान हलवली आणि पाणी प्यायचं निमित्त करून आत गेली. दाराशी धुळाजी जोरात खोकले, गल्लीत कुणीही नसताना.

त्या कंपनीचं उत्तर काय आलं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. नंतर रेणुका मला तसंच वापरत राहिली. दुरुस्तीला नेलं तर माय विचारील काय झालं, म्हणून तिनं नेलंच नाही. जिथे एक ओळ लिहायला क्षण लागावा, तिथे तिला चार पट वेळ लागायचा. मला माझ्या मुकेपणाची लाज वाटायची.

दिवाळीला तिचा चुलतभाऊ गोरक्षनाथ पुण्याहून आला. तो तिथे एका कंपनीत होता, अंगावर छान शर्ट होता, आणि मनानं वाईट नव्हता. ओट्यावर बसून तो रेणुकाला समजावू लागला.

"तू लई सीधी है बाई. दोन वर्षं काम केलं म्हणून लिहून टाक. कागद बनवून देणारे लोकं हैत पुण्यात. मी बी तसाच लागलो. कोण बघतंय?"

"आन विचारलं, दोन वर्षं काय केलं, तर?"

"तर कायबी सांगायचं."

गोरक्षनाथ चहा प्यायला आत गेला. रेणुकानं मला उघडलं. मेलेली अक्षरं एकेक टिपत तिनं ते वाक्य लिहिलं, दोन वर्षांचा अनुभव. त्या वाक्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ खोटं लिहिलं गेलेलं पाहिलं आहे. पुण्यातले साहेब तर हसत हसत लिहायचे. पण हे वाक्य माझ्यावर उमटलं तेव्हा मला कसंतरीच झालं, कारण लिहिणारीलाही तसंच होत होतं. शेवटी तिनं ते पुसून टाकलं. पुसायचं बटण तेवढं चालू होतं, बरं झालं.

तेवढ्यात गोरक्षनाथ बाहेर आला. "टाइप का करीना तू? असं एकेक टिपत काय बसलीस?" त्यानं माझी बटणं दाबून पाहिली, फटीत अडकलेला लाल कण नखानं काढला आणि मोठ्यानं हसला. "कुंकू? काकू, लॅपटॉपची पूजा केल्ती का तुम्ही? आवो, पाणी गेलं ना आत! म्हणून हुकली व्हय हिची परीक्षा!"

रेणुकानं त्याला डोळ्यांनी थांबवलं, पण उशीर झाला होता. दारात आसराबाई फराळाचं ताट घेऊन उभी होती. तिनं रेणुकाकडे पाहिलं, मग धुळाजींकडे पाहिलं. धुळाजींनी मान खाली घातली. आसराबाईनं ताट गोरक्षनाथच्या पुढ्यात ठेवलं, आणखी काही हवं का ते विचारलं आणि आत गेली. त्या दिवसापासून तिनं मला हात लावला नाही. झाडतानासुद्धा ती माझ्या बाजूनं केरसुणी न फिरवता निघून जायची, आणि मला तिच्या हाताची आठवण यायची.

दिवाळी सरली. एका सकाळी रेणुका विहिरीवर गेली असताना आसराबाईनं मला लुगड्याच्या पिशवीत घातलं, वरून घोंगडीचा तुकडा गुंडाळला आणि शेजारी निरोप ठेवला की राजूरच्या गणपतीला जाऊन येते. ती बसमध्ये बसली. सबंध रस्ताभर तिनं मला मांडीवर धरून ठेवलं, आजारी कोकराला नेतात तसं. राजूर आलं. अर्धी बस देवळाकडे उतरली. आसराबाई उतरली नाही. खिडकीतूनच तिनं देवाला हात जोडले आणि म्हणाली, "खोटं बोलले रे बापा, माफ कर. आधी हे काम व्हऊ दे."

ती कधी एकटी जालन्याला आली नव्हती. तिला वाचता येत नव्हतं. पण मला ज्या पिशवीतून घरी आणलं होतं, ती दुकानाचं नाव छापलेली पिशवी तिनं सोबत घेतली होती. बसस्टँडवर उतरून ती प्रत्येकाला ती पिशवी दाखवत विचारत विचारत संघपालच्या काउंटरपाशी येऊन पोचली.

"दादा, हे नीट करून द्या," तिनं मला पुढे केलं. "ह्याच्यावर पाणी पडलं. मीच टाकलं. लेकराचा काही कसूर न्हाई."

संघपालनं मला ओळखलं की नाही कोण जाणे. त्यानं पेचकस घेतला आणि मला खोललं. थोडा वेळ तो माझ्या आत बघत राहिला. मग त्यानं मान वर केली.

"मावशी, हे आधी कुणी खोललं होतं?"

आसराबाई घाबरली. "का? काई बिघडवलं का?"

"कुणी खोललं ते सांगा आधी."

"माझ्या लेकीनं. मला कळू न देता साफ केल्तं तिनं. म्हाताऱ्यानं सांगितलं मला मागून."

"आणि हे पांढरं काय आहे स्क्रूच्या भोकात?"

आसराबाईनं वाकून पाहिलं. "ज्वारीचं पीठ आहे ते, दादा." आणि मग धुळाजींनी तिला जे सांगितलं होतं ते तिनं सगळं सांगितलं. परात, पीठ, पिठातली आकृती. सांगता सांगता तिला लाज वाटत होती, की शहरातला माणूस आता हसणार. संघपाल हसला, पण लगेच गप्प झाला. त्याच्या दुकानात काम करणाऱ्या पोरांनी कालच एका कंपनीच्या संगणकाचे दोन स्क्रू हरवले होते.

"कुठं नोकरी करती ती?"

"कुठंच न्हाई. लई शिकली, पण तो अनुभव म्हणतेत ना, तो न्हाई तिच्याजवळ. सगळे तोच विचारतेत. एकानं न्हाई विचारला, तर मीच पाणी टाकलं."

संघपाल उठून मागे गेला. माझ्याबरोबर पुण्याहून आलेला एक भाऊ तिथे कोपऱ्यात पडला होता. त्याचा पडदा कायमचा गेला होता. त्याचा कीबोर्ड काढून संघपालनं मला बसवला. आज मी जे बोलतो ते त्या भावाच्या बटणांनी बोलतो, मित्रांनो, आणि त्याला विसरत नाही.

"मावशी," माझं झाकण लावत संघपाल म्हणाला, "मला पण कुणीतरी पहिल्यांदा पेचकस हातात दिल्ता. तेव्हा मला बी काई येत नव्हतं. लेकीचा नंबर सांगा."

नंबर आसराबाईला पाठ नव्हता. तिनं आपला साधा मोबाइल पुढे केला आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. पलीकडे रेणुका होती, घाबरलेली. आई राजूरला गेली म्हणून सांगितलं आणि तिच्या फोनवर दुसराच माणूस बोलतोय.

"जालन्याच्या संगणकाच्या दुकानातून बोलतोय. तुझी आई ठीक आहे," संघपाल म्हणाला. "लॅपटॉप पण. दोघं बी माझ्यासमोर बसलेत. सोमवारपासून कामाला येतीस का? साफसफाईपासून करावं लागंल. आणि येताना तेवढं पीठ घेऊन ये."

संघपालनं फोन कानापासून जरा दूर धरला. आसराबाईनं घाबरून विचारलं, "काय झालं? काय म्हणती ती?"

"रडून राह्यली," संघपाल म्हणाला.

रेणुकाची नोकरी अशी सुरू झाली. मला घेऊन ती जालन्यातच राहू लागली. काचेची इमारत नव्हती, गारवा नव्हता. धुळीनं भरलेले संगणक होते, उंदरांनी कुरतडलेल्या तारा होत्या, आणि "जल्दी करा" म्हणून फोनवर ओरडणारी माणसं होती. ओरडणाऱ्यांना ती शांतपणे एकेक गोष्ट विचारायची आणि बिघाड कुठे आहे ते शोधायची. पुढे एका बियाणे कंपनीच्या कचेरीनं संघपालला सांगितलं की ती मुलगी आमच्याकडेच द्या. संघपालनं तोंड वाकडं केलं, दोन दिवस तिच्याशी नीट बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी स्वतः तिला तिथे सोडून आला. आता ती तिथली संगणकाची सगळी व्यवस्था बघते आणि जे ओट्यावर बसून शिकली होती, ते प्रोग्राम लिहिते. तिला कंपनीनं नवा लॅपटॉप दिला. माझी बॅटरी आता टिकत नाही. म्हणून मी धावड्याला फळीवर आलो.

पुन्हा दसरा आला. रेणुका सुट्टी घेऊन घरी आली होती. आसराबाईनं पाट मांडला. विळा, खुरपं, कुऱ्हाड, कातर. मला मात्र तिनं आधीच आतल्या खोलीत, कपड्यांच्या पेटीवर नेऊन ठेवलं होतं, पाण्याचा थेंबही उडू नये म्हणून. मी ऐकत होतो. फळीवर आल्यापासून ऐकत आलो होतो, तिची पावलं माझ्यापाशी येऊन मागे फिरायची.

रेणुका आत आली. मला उचलून तिनं पाटावर कातरीच्या शेजारी ठेवलं. झाकण बंद.

"न्हाई बाई," आसराबाई मागे सरकली. "एकडाव लावलं, तुझी परीक्षा गेली."

"माय, लाव."

"न्हाई म्हणते ना. माझ्या हाताला काय कळतं त्यातलं?"

"त्या दिशी तू कुंकू लावलं नसतं ना माय, तर मी ह्याला कधी खोललंच नसतं," रेणुका म्हणाली. "मला काई येतं, हे मलाच कळलं नसतं. लाव तू."

धुळाजी दारात बसले होते. ते या वेळी खोकले नाहीत. मग आसराबाईनं पदराला हात पुसला, पुन्हा पुसला, अगदी कोरडा होईपर्यंत पुसला. अंगठ्यावर कोरडं कुंकू घेतलं आणि माझ्या बंद झाकणावर टेकवलं. अंगठा थरथरला, म्हणून ठसा जरा तिरपा उमटला.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच आहे. आम्हा यंत्रांना पाण्यापासून जपा, धुळीपासून जपा, आणि आमच्यावर राग काढू नका. पण त्याहून एक मोठी गोष्ट मागतो. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही जण काचेच्या इमारतीत बसाल, आणि समोर एखादी रेणुका काम मागायला येईल. तिला अनुभव विचारण्याआधी तिच्या हातात काहीतरी खोलायला द्या, आणि ती स्क्रू कुठे ठेवते ते बघा.

आणि कधी धावड्याला आलात तर मला हातात घ्या. धूळ बसली असेल तर खुशाल पुसा. फक्त त्या ठशाला फडकं लावू नका.